सगळं खैर, इंजिन सोडून

आमच्या खलफानना कुणी "काय खबर?" म्हणून विचारलं की ते उजवा हात छातीवर ठेवतात आणि म्हणतात, "सगळं खैर, काही खबर नाही." नवरा आहे म्हणून सांगत नाही, पण इतक्या मनापासून "काही खबर नाही" म्हणणारा दुसरा माणूस अख्ख्या गावात नाही. यांच्या सख्ख्या भावाचं खजुराचं कोठार जळालं, तेव्हा सांगायला हेच माझ्या माहेरी गेले होते. माझ्या बापाने विचारलं, काय खबर. हे म्हणाले, सगळं खैर. अंगाला धुराचा वास, दाढीचे केस करपलेले, आणि सगळं खैर. मग खजूर आले, कहवा आला, एक पेला झाला, दोन झाले, तीन झाले. तिसरा पेला, आता पुरे म्हणून, हलवून खाली ठेवला आणि मग म्हणाले, "तेवढं ते कोठार जळालं."

आता रीत काही त्यांच्या एकट्याची नाही, आमच्या सगळ्या ओमानी मुलखाचीच आहे. दारात पाय ठेवल्या ठेवल्या समोरच्याच्या अंगावर वाईट बातमी टाकायची नाही. आधी खैर म्हणायचं, बसायचं, तीन पेले घ्यायचे, मग काय असेल ते बोलायचं. मीही तेच करते. फक्त माझे तीन पेले डोळे मिटून उघडायच्या आत होतात. यांचे दुपारच्या नमाजाला सुरू होतात आणि संध्याकाळच्या नमाजाला संपतात.

माझं पोट म्हणा, हौस म्हणा, बुधवारावर चालतं. इब्राला दर बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्याही बायकाच, पुरुषांनी फाटकाबाहेर थांबायचं. तिथे मी वीस वर्षं बखूर विकते. अगरूचा भुसा, गुलाबपाणी, साखर, आणखी दोन गोष्टी ज्या मी मुलीलाही सांगितलेल्या नाहीत, असं सगळं शिजवून मी घरी धुपाच्या वड्या करते. नस्राचा बखूर म्हटलं की लग्नघरच्या बायका सिनावहून येतात. आणि माझी जागा कुठली, तर फाटकातून आत आलं की डावीकडची पहिली, कडुनिंबाच्या सावलीत. आमच्या उन्हात सावलीची जागा म्हणजे काय, ते उन्हात बसलेलीलाच कळतं.

आता ही जागा कुणी कागदावर लिहून दिलेली नाही. बाजारात जी बसते तिची जागा. पण सलग तीन बुधवार रिकामी राहिली की संपलं. चौथ्या बुधवारी जिची चटई आधी पडेल ती तिथली मालकीण, मग रडा नाहीतर भांडा.

माझ्या शेजारी, ऐन उन्हात, जोखा बसते. ती आमच्याच गावची. सुरमा, मेंदी आणि पायजम्यांचे कशिद्याचे काठ विकते. वीस वर्षं ती माझ्या कडुनिंबाकडे बघते आहे आणि वीस वर्षं मी तिच्या बघण्याकडे बघते आहे. वरवर आमचं गूळपीठ, आतून कुणी कुणाला एक इंच द्यायला तयार नाही.

गाव ते इब्रा साठ किलोमीटर. दोन पेट्या माल, एक चटई, एक शेगडी आणि मी, असं सगळं आमची पांढरी गाडी घेऊन जायची. ती गाडी आम्ही नवी घेतली, शोरूममधून, पाच वर्षांच्या वॉरंटीसकट. घेतली तेव्हा मी स्वतः विचारलं होतं, काही बिघडलं तर? तिथला माणूस म्हणाला, काळजीच सोडा. मी सोडली. तीच चूक झाली.

बकरी ईदला चार बुधवार उरले होते. चार म्हणजे वर्षाची सगळी विक्री. त्यातल्या पहिल्याच बुधवारी, सकाळी सहाला, इब्राच्या अलीकडे वीस किलोमीटरवर गाडीने एक मोठा दणका दिला, मग खरखरली आणि मेली. पुढून धूर यायला लागला. मी विचारलं, काय झालं?

"काही नाही," हे म्हणाले, "सगळं खैर."

धुरामुळे यांचं तोंडसुद्धा मला दिसत नव्हतं.

तीन तास आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. जोखा आपल्या मुलाच्या पिकअपमधून पुढे निघून गेली. तिने हात केला, मी चेहरा दुसरीकडे वळवला. मग टो करणारा ट्रक आला आणि आमची गाडी वर चढवून इब्राच्या शोरूमच्या वर्कशॉपात घेऊन गेला.

खरं सांगायचं तर ती अचानक मेली नव्हती. वर्षभर तिच्या इंजिनात टक-टक वाजत होतं. थंड असताना जोरात, तापल्यावर हळू. मी यांना पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, कंपनीच्या लोकांना सांगा. हे म्हणाले, सांगतो. सर्व्हिसिंगहून परत आले की मी विचारायची, सांगितलंत का? हे म्हणायचे, हो, बोलणं झालं. वर बिजूच्या आईचा गुडघा कसा आहे तेही सांगायचे. बिजू म्हणजे तिथला काउंटरवरचा माणूस, केरळचा, अकरा वर्षं इब्रात आहे, स्वभावाने गरीब आणि कामात चोख. मला वाटायचं, ज्या अर्थी त्याच्या आईच्या गुडघ्यापर्यंत बोलणं जातं, त्या अर्थी आपल्या इंजिनाचंही झालंच असणार.

पाच दिवसांनी, सोमवारी, हे एकटे वर्कशॉपात जाऊन आले. दारात मी विचारलं, काय खबर? हात छातीवर. मी म्हटलं, "अहो, मी पाहुणी नाही, तुमची बायको आहे. कहवा मिळणार नाही. बोला."

बोलले. ऑइलचा पंप कमजोर निघाला, त्यामुळे आतली बेअरिंगं घासली आणि इंजिन जाम झालं. नवं इंजिन लागणार. पंपाचा दोष कंपनीचा, तेवढं तेही मानतात. पण वॉरंटी देणार नाहीत.

का नाही? तर आवाज येतो हे कळल्यावर लगेच कंपनीला कळवायचं, असं वॉरंटीच्या पुस्तकात लिहिलंय. न कळवता गाडी चालवत राहिलात तर दोष तुमचा. आणि आमचे हे, खोटं बोलायची सवय नाही, त्यांनी त्याच सोमवारी तिथे बसून निवांतपणे सांगितलं होतं की आवाज वर्षभर येतोय.

"पण तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हे काउंटरवर जायचे. बिजू विचारायचा, काका, काही तक्रार? हे म्हणायचे, सगळं खैर. मग उलट त्याची खबर विचारायचे. तो बिचारा परमुलखातला, कुणी विचारलं की भडाभडा सांगून मोकळा व्हायचा. आईचा गुडघा, गळकं छप्पर, बहिणीचं लग्न. तोवर मागे रांग लागायची. बिजू कार्डावर लिहायचा, तक्रार नाही, आणि हे सही करायचे. काउंटरवर उभ्याने थोडंच कुणी खरं बोलतं? मग हे आत सोफ्यावर जाऊन बसायचे. तिथे खजूर असायचे, कहव्याचा थर्मास असायचा. तिसरा पेला झाला की इंजिनाची टक-टक सांगायचे, शेजारी जो बसला असेल त्याला. एकदा एका निवृत्त पोलिसाला सांगितली, एकदा सूर बंदराच्या एका मासेवाल्याला. दोघांनीही फार आपुलकीने ऐकून घेतलं म्हणे.

म्हणजे आमच्या इंजिनाचा आवाज अर्ध्या ओमानला ठाऊक होता, फक्त कार्डाला नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. नव्या इंजिनाला लागतात तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते, गाडीशिवाय बाजार नव्हता, आणि बाजार गेला की जागा गेली. मी यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. हे मात्र सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर खजुराची ताटली ठेवून जायचे. त्याने माझा राग आणखी वाढायचा, कारण खजूर चांगले होते.

मंगळवारी संध्याकाळी जोखा दारात उभी. तिला काय बघायचं होतं ते मला तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. आमच्या अंगणात गाडीच्या जागी तेलाचा एक काळा डाग होता, तिने आधी त्या डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय खबर, नस्रा?"

"सगळं खैर," मी म्हटलं, "काही खबर नाही."

ती उभी राहिली. मी पण उभी राहिले. आत ये म्हटलं नाही, कहवा विचारला नाही. आमच्यात असं दारातून कुणाला परत पाठवणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखंच आहे, पण माझा जीव तेव्हा इतका जळत होता की मला त्याचं काही वाटलं नाही. उद्या सकाळी ही माझ्या कडुनिंबाखाली बसणार आणि वर माझ्याच घरचा कहवा पिऊन जाणार? थोडा वेळ थांबून ती गेली. दुसरा बुधवार बुडाला.

गुरुवारी मी यांना म्हटलं, चला, मी येते. शाळेची बस इब्राला दुरुस्तीला जात होती, ड्रायव्हरने आम्हाला शोरूमच्या दारात सोडलं. वाटेत हे मला सांगत होते, तिथे गेल्यावर आधी जरा बस, खबर विचार. मी म्हटलं, तुमच्या खबरीने इंजिन खाल्लं, आता तुम्ही गप्प बसा.

काउंटरवर गेले आणि सरळ सुरू केलं. कहवा नाही, खैर नाही, काही नाही. कंपनीचा पंप, कंपनीचं इंजिन, वॉरंटी कंपनीची, मग गाडी का देत नाही? बिजूने सगळं ऐकून घेतलं. मग आमची वर्षभराची तीन कार्डं काढून माझ्यासमोर एका ओळीत मांडली. तिन्हींवर तीच ओळ होती आणि तीच सही. खलफानची सही मी चाळीस वर्षं ओळखते, शेवटच्या अक्षराला उंटाच्या मानेसारखी वर काढतात.

"मावशी," बिजू हळूच म्हणाला, "काका जे बोलले तेच मी लिहिलं. मी मनाचं कसं लिहू?"

त्याचं चुकलं नव्हतं. यांचंही, आमच्या रीतीने बघितलं तर, चुकलं नव्हतं. कुणाचंच चुकलं नसताना नुकसान माझं, हे मला सहन होईना. मी म्हटलं, मोठ्या माणसाला बोलाव.

मॅनेजर आतून आला. बदर नावाचा, पस्तिशीतला, आमच्याच भागातला मुलगा, डोक्यावर नीट बांधलेला मुसर, अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा. आणि डावा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मी तोंड उघडणार तेवढ्यात आमचे हे पुढे झाले. सवय. मी यांची बाही ओढली, पण ते थांबतात कुठले.

"काय खबर, बदर?"

"सगळं खैर, काका, काही खबर नाही."

"घरचे कसे?"

"खैर."

"तब्येत?"

"एकदम खैर. तुमची काय खबर?"

"आमची काय खबर असणार. सगळं खैर."

दोघंही इतक्या गंभीरपणे बोलत होते की मी आळीपाळीने एकदा यांच्या तोंडाकडे बघत होते, एकदा त्याच्या. मग माझी नजर त्या प्लास्टरवर गेली. आणि मला जे सुचलं ते इतकं समोर होतं की आधी कसं दिसलं नाही याचंच नवल वाटलं. हातच्या काकणाला आरसा कशाला.

"बिजू," मी म्हटलं, "कार्ड काढ. लिही."

"काय लिहू, मावशी?"

"मॅनेजरसाहेबांचा डावा हात. तक्रार नाही. आणि सही घे, उजव्या हाताची."

बदरने आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. "मावशी, हे निराळं आहे."

"कसं निराळं? उद्या हात वाकडा जुळला आणि डॉक्टर म्हणाला, तुम्हीच तर एकदम खैर म्हणालात, आता मी जबाबदार नाही, तर चालेल तुला? तुझ्या आईला चालेल?"

वर्कशॉपातलं कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. बदर हसला नाही. तो काउंटरवर तसाच उभा राहिला, एकदा त्या तीन कार्डांकडे बघत, एकदा यांच्याकडे. मग बिजूला म्हणाला, कहवा आण, आणि आम्हाला आपल्या खोलीत घेऊन गेला. तिथे तीन पेले झाले. मी तीन पेले गप्प बसून घेतले, आयुष्यात पहिल्यांदा. तिसरा पेला हलवून खाली ठेवल्यावर बदरने सांगितलं की ईदसाठी आणलेला बोकड अंगावर आला, त्याने जिन्यावरून खाली पाडलं, दोन ठिकाणी हाड मोडलं, आणि रात्र रात्र झोप नाही. खलफान म्हणाले, "अरेरे." अगदी आतून म्हणाले. माझ्या दुखण्यावर कधी असं म्हणाले नव्हते.

"काका, माझे वडील अगदी तुमच्यासारखे," बदर म्हणाला. "पायाला विंचू चावला तरी आधी खैर. मला पटलं हो. पण निर्णय मस्कतच्या ऑफिसात होतो. तिथे मी काय लिहून पाठवू, आमच्याकडची रीत? त्यांना कागद लागतो."

पुन्हा गाडं तिथेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, बाळा, तीन बुधवार बुडाले की माझी जागा जाते. वीस वर्षांची आहे. ती गेली की मी घरात बसून यांचं खैर ऐकत मरणार.

बिजू दारात उभा होता, रिकामे पेले न्यायला आलेला. तो पेले तसेच सोडून गेला. आम्हाला वाटलं, रडणारी बाई बघून गेला. पण दहा मिनिटांनी परत आला तेव्हा त्याच्या हातात तेलाचे डाग पडलेला एक कागद होता. गाडी आत गेल्यावर मेकॅनिक स्वतःसाठी जो तपासणीचा कागद भरतो, तो. तो गिऱ्हाइकाला देत नाहीत, मागच्या कपाटात टाकतात. हा त्या तीनपैकी मधल्या सर्व्हिसिंगचा होता, आठ महिन्यांपूर्वीचा. बिजूने तो बदरसमोर ठेवला आणि मला कळावं म्हणून वाचून दाखवला.

"इंजिनातून टक-टक आवाज. काउंटरवर विचारलं. गिऱ्हाईक म्हणतं सगळं ठीक आहे. म्हणून उघडून पाहिलं नाही."

बदरने कागद उचलला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"काउंटरवर विचारलं म्हणजे कुणाला विचारलं?"

"मला," बिजू म्हणाला. "मी कार्ड बघून सांगितलं. खाली माझंही नाव आहे."

म्हणजे आवाज कंपनीच्या कानांनीच ऐकला होता, कंपनीच्याच कागदावर लिहिला होता, आठ महिन्यांपूर्वी. आणि हा कागद बाहेर काढला तर पहिला ओरडा बिजूलाच बसणार होता, हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याने काढला. मी त्याला विचारलं, का रे बाबा? तो म्हणाला, मावशी, अकरा वर्षांत काउंटरवर माझ्या आईचा गुडघा विचारणारे काका एकटेच. त्यावर हे उठले, बिजूचा खांदा थोपटला आणि विचारलं, आता कसा आहे गुडघा? मला हसावं की रडावं कळेना.

बदरने कागद मस्कतला पाठवला आणि खाली स्वतः लिहिलं की दोष वर्कशॉपचा आहे, एकट्या बिजूचा नाही. मस्कतवाल्यांनी वेळ घेतला. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. तिसरा बुधवारही गेला, आणि त्याच दिवशी दुपारी, बाजार उठून दोन तास झाल्यावर, बदरचा फोन आला. वॉरंटी मंजूर. नवं इंजिन बोटीने येणार, महिना लागेल, तोवर कंपनीतर्फे वापरायला एक गाडी देतो. मी विचारलं, आजच देतोस का? म्हणाला, या.

ती गाडी मी दोनदा भोवती फिरून बघितली. खेळण्यातली म्हणावी एवढीशी, आणि दोन्ही बाजूंना शोरूमचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत. खलफान उंच माणूस. आत बसले की गुडघे कानाला लागायचे आणि मुसर छताला. माझ्या पेट्या मागे कोंबल्यावर शेगडी मला मांडीवर घ्यावी लागली. पण चालत होती, आणि टक-टक करत नव्हती.

चौथ्या बुधवारी पहाटे आम्ही निघालो. ईदच्या आधीचा शेवटचा. वाटेत मी जोखासाठी शब्द तयार करत होते. साठ किलोमीटर तयार करत होते, धार लावून लावून. तू माझ्या दारात डाग बघायला आलीस. तू वीस वर्षं माझ्या मरणाची वाट बघितलीस. आणखीही बरंच होतं, ते इथे सांगण्यासारखं नाही. हे ऐकत होते. फाटकाशी गाडी थांबली तेव्हा एवढंच म्हणाले, "नस्रा, आधी तीन पेले घे. मग काय ते बोल."

"तुमच्या तीन पेल्यांनी इंजिन गेलं."

"काउंटरवर पेले कुठे होते," हे म्हणाले. "म्हणून तर गेलं."

फाटकातून आत आले आणि डावीकडे पाहिलं. कडुनिंबाखाली जोखा बसली होती. चटई पसरून, सुरम्याच्या डब्या मांडून, थर्मास बाजूला ठेवून, जन्मापासून तिथेच असल्यासारखी. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं, आणि कशी कोण जाणे, जिभेवर यांचीच रीत आली.

"काय खबर, जोखा?"

"सगळं खैर, काही खबर नाही. तुझी?"

"सगळं खैर."

तिने सरकून जागा केली. मी माझ्याच जागेत पाहुणीसारखी बसले. तिने पहिला पेला ओतला, मी प्यायले. दुसरा ओतला. मी ईदच्या बोकडांचे भाव विचारले, तिने सांगितले. तिसरा पेला. तो संपवून मी हलवला आणि खाली ठेवला, आणि आता बोलायचंच, असं ठरवून श्वास घेतला. तेवढ्यात तीच बोलली.

"खबर एवढीच आहे. सिनावची ती जाडी आहे ना, खोबरेल तेलवाली, ती पहिल्या बुधवारपासून इथे चटई टाकायला बघत होती. म्हणून मी माझी टाकली. म्हटलं, नस्राची जागा आहे, रिकामी नाही. तीन बुधवार भांडले तिच्याशी. गेल्या खेपेस तिने माझी मेंदी लवंडली. आता तू आलीस, तू बघ बाई. मला सावलीत बसायची सवय नाही, झोप येते."

माझं साठ किलोमीटर धार लावलेलं सगळं बोलणं तोंडातच राहिलं. मी तिला विचारलं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

"तेच सांगायला आले होते ना तुझ्या दारात. आणि म्हणणार होते, माझ्या पोराच्या पिकअपमध्ये मागे जागा आहे, पेट्या टाक आणि चल." ती डब्या उचलायला लागली. "तू म्हणालीस सगळं खैर. कहवा विचारला नाहीस. मग मी उभ्याने काय सांगणार?"

मला इतकी लाज वाटली की मी चटईकडेच बघत राहिले. दोन बुधवार. दोन बुधवार मी घरात बसून यांना शिव्या दिल्या, बिजूला दिल्या, कंपनीला दिल्या, आणि पिकअप माझ्या दारावरून रिकामी जात होती. खैर म्हणून दार मीच लावलं होतं. यांनी निदान सोफ्यावर बसून पोलिसाला तरी सांगितलं.

मी जोखाच्या हातातून सुरम्याच्या डब्या काढून घेतल्या आणि परत मांडल्या, सावलीत. माझी चटई तिच्या चटईला लावून पसरली. कडुनिंब काही एवढा लहान नाही. शेगडी पेटवली, त्यात बखूरची सगळ्यात चांगली वडी टाकली, मुलीच्या लग्नात जाळली होती तसली, आणि तो धूर आधी जोखाच्या ओढणीखाली धरला. ती म्हणाली, विकायला ठेव ना, वाया कशाला घालवतेस. मी म्हटलं, गप्प बस. सिनावची जाडी येऊन बघून गेली, तिला आम्ही दोघींनी मिळून कहवा दिला.

दुपारी पेट्या रिकाम्या झाल्या. बाहेर आले तर फाटकाशी ती खेळण्यातली गाडी उभी, आत खलफान गुडघ्यांच्या मधून रस्ता बघत बसलेले. काच खाली करून त्यांनी विचारलं, काय खबर?

"सगळं खैर," मी म्हटलं, "काही खबर नाही."

मग मी आत बसले, जोखाने भरून दिलेला थर्मास उघडला, यांना एक पेला दिला, मी एक घेतला, आणि घर येईपर्यंत खबर सांगत राहिले.